पोरीचा बँड ‘पाचट’

२७ ऑक्टोबर, सोमवार
काल शाळेत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता आणि मी भर कार्यक्रमात ऋतूच्या गाण्याची पिन काढली. लिहून ठेवते. नाहीतर महिन्याभरानं मीच म्हणेन, असं काही झालंच नव्हतं.

स्टेजवर तिघं. माझी ऋतू मधे, गळ्यात ती जाड तारांची गिटार. समोर खुर्च्यांवर अर्धी काटेवाडी. मला वाटलं भावगीत असेल, फार तर सिनेमातलं. आणि जे सुरू झालं ते! कडबाकुट्टीत पत्रा अडकल्यावर होतो तसला आवाज. त्यात माझी पोरगी बेंबीच्या देठापासून ओरडतेय. पुढच्या रांगेतल्या बायकांनी कानावर पदर घेतले. मागून कोणीतरी "बंद कराऽऽ". मी उठले, स्टेजमागं गेले, बोर्डातली पिन उपटली. एकदम शांत. त्या शांततेत मीच ओरडले, "घरी चल! लाज आणलीस."

घरी आली नाही. गिटार पेटीत घातली आणि तशीच इंदापूरला गेली. (लोणी देवकरला कंपनीत आहे, खोली इंदापुरात.)

बँडचं नाव पाचट. उसाचा वाळलेला पाला, आणि फालतू विनोदालाही पाचटच म्हणतात. लोकांनी नावं ठेवायच्या आधी पोरं स्वतःच ठेवून मोकळी.

३० ऑक्टो.
ऋ. फोन उचलत नाही. मेसेजवर निळ्या खुणा येतात, उत्तर नाही.

ह्यांना म्हटलं, तुम्ही करा फोन. हे गोठ्यात शेण ओढत होते. म्हणाले, "माझ्याशी बोलती की. सकाळीच बोलली."
"मग मला सांगितलं न्हाय ते?"
"तू इचारलं न्हाईस."



२ नोव्हें., रवि.
दुसरा धक्का. ह्यांच्या मोबाइलमध्ये पाचटची सहा गाणी निघाली. धार काढताना लावतात म्हणे! म्हटलं, गाई आटतील अशानं. तर म्हणतात, "जर्सीला आवडतंय." सव्वीस वर्षं संसार केला आणि हा माणूस गोठ्यात काय ऐकतो ते मला माहीत नाही.

माझ्या मोबाइलवर घेतली. पोरीचा आवाज तरी कानावर पडावा, एवढ्यासाठीच. पहिलं गाणं दीड मिनिट सोसलं. मग डोकं धरून बसले.

५ नोव्हें.
सकाळी कामावर, दूध संकलन केंद्रात, दुधाचं फॅट काढता काढता एका कानात इयरफोन घातला. चौथं गाणं. शब्द कळत नाहीत, इंग्रजी असावं. आवाज तिचाच, पण सर्दी झाल्यासारखा. "हळद घालून दूध घे" असा मेसेज टाकला. निळ्या खुणा. बाकी काही नाही.

आईला एवढंही उत्तर देऊ नये? मी काय खून केला का कोणाचा?

९ नोव्हें., रवि.
अठरा वर्षं भजनात टाळ वाजवते. गाणं समेवर आलं नाही की माझा जीव वरखाली होतो. आणि या चौथ्या गाण्याला समच नाही, नुसतं धावत सुटतं. आज केंद्रावर चिडून बोटांवर मोजलं. सात. परत सात. परत सात. मग पाच. पुन्हा पहिल्यापासून लावलं. सात, सात, सात, पाच. म्हणजे आहे! गोंधळ नाही तो, मोजून मापून केलंय पोरांनी.

"आहे!" असं इतक्या मोठ्यानं म्हणाले की रांगेतले बापूराव किटली घेऊन दोन पावलं मागं सरले. "काय हाय? पाणी? आईशप्पत, पाणी न्हाय घातलं मी."

१५ नोव्हें.
एकादशी. संध्याकाळी भजनात माझा टाळ चुकला. माझा! सगळ्या सरळ चालल्या होत्या, मी मधेच पाचावर हाणला. सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. शकूताईंनी पेटी थांबवली. "सुरेखा, बरं वाटत न्हाय का गं?" म्हटलं, पित्त झालंय.

पित्त कसलं. ते गाणं डोक्यातून जात नाही.

१९ नोव्हें.
आवडतंय. लिहिलं एकदाचं.

सगळी नाही. दुसरं आणि पाचवं अजून सहन होत नाही, सहावं म्हणजे नुसता घूं घूं आवाज आहे. पण चौथं दिवसातून पाच-सहा वेळा होतं. गिटार करवतीसारखी आत शिरते ना, तिथं आधी दात शिवशिवायचे. आता त्याच जागेची वाट बघते. या वयात मला काय झालंय? शकूताईंना कळलं तर टाळ काढून घेतील.

आज चपात्या लाटताना माझा पाय हलत होता, तो ह्यांनी बघितला. मिशीत हसले. राग आला.

२३ नोव्हें., रवि.
इंग्रजी नाही ते.

केंद्र बंद करून, शटर ओढून, दोन्ही कानांत घालून ऐकलं. मराठी आहे. "हळू बोल. दार लाव. केस बांध. लोक बघत्यात. एवढ्यानं हसू नको. हळू बोल." एवढंच. परत परत तेच.

हे माझं आहे. शब्दन् शब्द माझा. ‘बघत्यात’ मी ओढून म्हणते तसंच तिनं ओढलंय. शेवटी नुसतं "हळू" राहतं आणि तेवढा एक शब्द ती जीव तोडून ओरडते. दोन आठवडे मी यावर पाय हलवत होते!

किटल्यांच्या फळीवर बसून राहिले.

घरी येऊन ह्यांना विचारलं, "तुमाला म्हायती हुतं?"
"व्हय."
"मेळाव्यात हेच चाललं हुतं?"
"व्हय."

म्हणजे ती सगळ्या गावासमोर "हळू बोल" म्हणत होती आणि मी जाऊन तिची पिन काढली. सांगायचं तरी काय राहिलं मग? तिला जे म्हणायचं होतं ते मी स्वतः करून दाखवलं.

जेवण गेलं नाही. रडूही आलं, रागही आला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे गाणं अजूनही चांगलंच आहे.

२५ नोव्हें.
बावड्याहून दादाचा फोन. माझा थोरला भाऊ. त्याच्या पप्पूची हळद तीन तारखेला. म्हणाला, "बँड ऋतूला सांगितलाय."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.
"दादा, तसला बँड न्हाय त्यो."
"बँड त्यो बँड. घरची पोर असताना बाहेरचा कशाला सांगायचा? बरं, ड्रेस लाल हाय का निळा त्यांचा? फेट्याचं बघाय पायजे."

ऋ.नं त्याला विचारलं होतं म्हणे, "मामा, आमी काय वाजवतो ठाऊक हाय ना?" दादा म्हणाला, "वाजवता न्हवं? मग झालं." मामाचा शब्द तिनं कधी मोडला नाही, लहानपणापासून.

दादाला खरं सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं, गिळलं. सांगितलं असतं तर त्यानं दुसरा बँड आणला असता आणि पोरगी माझ्या नजरेला पडली नसती. भावाच्या घरचं कार्य बिघडलं तरी चालेल, पण ती येऊ दे. एवढी आपमतलबी झाले मी.

३ डिसें., बुध.
बावडा. इथं दादाच्या माडीवर बसून लिहितेय. खाली अजून त्याचीच चर्चा चाललीय.

दुपारी चारला तिघं आली. दादा गाडीच्या मागं जाऊन बघून आला. "तिघंच? क्लॅरिनेटवाला मागनं येतोय का?" ऋ. हसली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. वाळलीय. केस मोकळे.

पप्पू पाटावर, तोंडभर हळद. तिघांनी सुरू केलं आणि करवल्यांच्या हातातल्या वाट्या तशाच राहिल्या. पोरं नाचायला उठली, पण सातावर पाय कुठं टाकायचा कळेना, पाचावर दोघं एकमेकांवर आदळले. एक आजी मोठ्यानं म्हणाल्या, "मशीन बिघडलंय त्यांचं, कुणीतरी सांगा." दादाचं तोंड बघवत नव्हतं. मला हसू येत होतं.

मग चौथं. माझं.

त्या गाण्यात मधेच सगळं थांबतं. ढोल, गिटार, ऋ., सगळं. पहिल्यांदा ऐकताना मी संपलं म्हणून इयरफोन काढून ठेवला होता. मंडपालाही तेच वाटलं. सुटलो म्हणून टाळ्या पडल्या. दादा हात जोडून पुढं झाला, "लई झ्याक, लई झ्याक, बास आता." आणि स्पीकरपाशी उभ्या माणसाला म्हणाला, "पिन काढ रं ती."

मी कधी उठले मला माहीत नाही.
"हात लावू नगं! संपलं न्हाय अजून!"

सगळा मंडप माझ्याकडं बघतोय. सगळे पाहुणे, नवरीकडचेसुद्धा. मी खुर्च्यांच्या मधोमध उभी, पदर खांद्यावरून घसरलेला.

ऋतूनं माझ्याकडं बघितलं. अडतीस दिवसांनी. हात तारांवर तसाच. मागचा ढोलवाला तिच्याकडं बघतोय, ती माझ्याकडं. मला काय सुचलं देव जाणे, मी हात वर केला आणि एकेक बोट उघडत पाच मोजले.

ती पाचव्यावर आत आली. अचूक.

नंतर सामान गाडीत भरताना माझ्याजवळ आली. म्हणाली, "किती दिवस ऐकतीयेस?"
म्हटलं, "रोज."
तिचं तोंड एकदम लहानपणीसारखं झालं. काहीतरी म्हणणार होती, तेवढ्यात दादा लाडूची पिशवी घेऊन आला. गेली मग.

५ डिसें.
दादाचा फोन. "व्याही इचारत हुतं, तुमच्या बँडवाल्यांस्नी काय दुखणं हाय का. आन् तू काय गं, भर मंडपात? मायलेकी सारख्याच तुमी." पंधरा मिनिटं बोलला. मी हूं हूं केलं. "सारख्याच" तेवढं मनात राहिलं.

१४ डिसें., रवि.
ऋ. आली! न कळवता. मी अंगणात पापड वाळत घालत होते, तसेच पिठाचे हात.

चहा झाला. मेळाव्याचा विषय तिनं काढला नाही, मला काढता आला नाही. मग मोबाइल पुढं केला. नवीन गाणं आहे. ऐकलं. डोक्यावरून गेलं, पण आता मला त्याची भीती वाटत नाही, दहा-बारा वेळा ऐकलं की उलगडतं. मधे एका जागी बाकी सगळं गळतं, ढोल तेवढा बारीक चालू राहतो. बराच वेळ.
"हितं गायची इसरलीस?"
"न्हाय. हितं तू हायस."

मला कळेना. म्हणाली, "हितं तुझा आवाज पायजे, आई. अर्धं मिनिट हाय. काय बोलायचं ते तूच ठरव. मी लिहून देणार न्हाय."

शनिवारी इंदापूरला बोलावलंय. मित्राची रिकामी पोल्ट्री आहे, तिथं रेकॉर्डिंग करतात. मी म्हटलं, मला जमायचं नाही. ती म्हणाली, "ओरडलीस तरी चालंल." हे हसले. मी नाही.

१९ डिसें., शुक्र.
आठवडाभर घोकतेय. स्वयंपाकघरात कोणी नसताना मोबाइलवर घड्याळ लावून बोलून बघते. जे येतं ते सगळं नकोच. उशीर करू नको. उपाशी राहू नको. गाडी जोरात चालवू नको. माझ्याच तोंडून ऐकून दचकले. माया करायला गेले तरी शेवटी ‘नको’ येतं. असं मी कधीपासून बोलते? माझी आई अशीच बोलायची का? आठवून बघितलं. अशीच.

ह्यांना विचारलं, तुम्ही काय बोलला असता? म्हणाले, "मी गप बसलो असतो." त्यांचं बरंय. ते गप्प बसले तरी पोरीला कळतं.

दुपारी दार लावून म्हणून बघितलं. "माझं चुकलं, ऋतू." पहिल्यांदा अर्ध्यावर थांबले, दुसऱ्यांदा नीट आलं. घड्याळ बघितलं तर दोन सेकंद.

अजून अठ्ठावीस राहतात. चोवीस वर्षं बोलतेय मी तिच्याशी, आणि अर्धं मिनिट भरत नाही. उद्या साडेनऊची एसटी आहे.