दादाबेंची बादली

प्रिय फेनुसुआ,

तुझं पत्र पोचलं. काय लिहावं तेच सुचत नव्हतं. तुझा बाप म्हणतो, भात कापून झाला, गाय व्याली, एवढं लिही आणि सही कर. तर भात कापून झाला, गाय व्याली.

ओढ्यावर मात्र हल्ली जावंसं वाटत नाही. तुझ्या लग्नाच्या बोलणीला दादाबे, तुझे आजेसासरे, तिकडे राजधानीतल्या तानाहून दिवसभर गाडीत बादली मांडीवर घेऊन आले होते, आठवतं? वाटेत थांबून थांबून पाणी बदललं होतं म्हाताऱ्यानं. बादलीत जिवंत फुझा, शेवंडांसारखेच दिसणारे. तिकडे ते भातखाचरांत वाढतात, पोरंबाळं पोटभर खातात, म्हणून आपल्यासाठी एवढ्या मायेनं आणलेले. मी बाजारात ऐकून होते, की खालच्या गावांच्या ओढ्यांत हे परके फुझा शिरले आणि आपली उराना, आपल्या जंगलातली ती छोटी शेवंडं, तिथून संपली. मी नको म्हणायला उठू लागले तर तुझ्या बापानं माझी शाल ओढली. "खाली बस. पोरीची सोयरीक आहे," एवढंच म्हणाला. प्रवासातून आणलेली भेट नाकारायची म्हणजे माणसालाच दारातून परत धाडायचं. दादाबेंनी सगळ्यांसमोर बादली ओढ्यात उपडी केली आणि म्हणाले, "तुमचं घर असंच भरू दे." तू किती लाजली होतीस! मीही हसले. दुसरं काय करणार होते?

उराना वाढायला वर्षं लागतात, म्हणून पोटाशी अंडी असलेली मादी आपण परत सोडतो. फुझांत नर नसतोच गं. सगळ्या माद्या, आणि बघावं तेव्हा पोटाशी अंडी. केताका मावशीला किती समजावलं, या पकड, या खा. ती एकेक उचलते, पोटाखाली बघते आणि हळूच पाण्यात सोडते. म्हणते, "अंडीवालीला नेऊ नये. आईनं शिकवलंय आपल्याला." मी तिच्या हातून हिसकावून घेते, टोपली भरते, पण ओढा तसाच. कुठलाही दगड उचला, खाली फुझाच. परवा जंगलात पार वरच्या धबधब्यापर्यंत गेले, तिथंही तेच. उराना एकसुद्धा दिसलं नाही. घरी येऊन मी रडले. तुझा बाप फुझांचं कालवण जेवला. वर म्हणतो, चव बरी आहे. मेल्याला काय बोलावं!

हे तुला कधीच कळवणार नव्हते. आपल्या लग्नापायी आईचा ओढा गेला, असं तुझ्या मनात यायला नको होतं. पण तू लिहितेस, दादाबे अंथरुणाला खिळलेत, घास गिळत नाहीत, आणि उशाशी बसेल त्याला विचारतात, माझी भेट त्यांच्या पाण्यात रुजली का. दुसऱ्या कुणाकडून त्यांना उराना संपल्याची बातमी लागायच्या आत तूच त्यांच्या कानाशी बस. सांग, रुजली. पार धबधब्यापर्यंत पोचली. म्हाताऱ्याला सुखानं जाऊ दे. यात खोटं काहीच नाही, फेनुसुआ.

तुझीच,
नेनी