गिरणीची खूण

प्रिय मनोय एलिसेओ,

तुझं पत्र मिळालं. तुरुंगातला भात कच्चा असतो म्हणतोस. असू दे. मनोय म्हणते तुला, थोरला भाऊ आहेस, म्हणून उत्तर लिहितेय, कीव येऊन नाही.

फादर हुबर्टना जाऊन चाळीस दिवस झाले. मिस्साला चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. हॉलंडचा माणूस, एकतीस वर्षं आपल्यात राहिला. हाताने सुकी मासळी खायचा आणि आपल्याच बोलीत आपल्याला झापायचा. घंटेचा मनोरा, झुलता पूल, शाळेची विहीर, सगळं त्यांनीच उभं केलेलं. तुला ताप भरला तेव्हा पूर आलेल्या नदीतून पाठीवर घालून त्यांनीच दवाखान्यात नेलं होतं. त्याच नदीतली वाळू उपसणाऱ्याला ते आडवे आले, आणि तू शहरात त्या वाळूवाल्याचीच गाडी चालवत होतास.

त्यांच्या शवपेटीवर मी कोंबडीचं पिल्लू ठेवलं. खुन्याच्या मनाला टोचत राहावं म्हणून ठेवतात ना, तसंच. फादर असते तर हसून म्हणाले असते, "पेर्लिता, आधी त्याला दाणे टाक." पण माझं तेवढ्यावर भागणार नव्हतं.

फादरना चॅपेलमध्ये मारलं त्या दुपारी मोटारसायकलवरचा एक परका माणूस आपल्या दुकानाशी थांबला. मेल्याला मी थंड पाणी दिलं. त्यानं विचारलं, "भाताची गिरणी कुठंय? तिच्या मागून चॅपेलला वाट जाते ना?" मी बोट दाखवलं. थोड्या वेळानं दोन गोळ्या ऐकू आल्या. आजही मला ते बोट तोडून टाकावंसं वाटतं.

गिरणी नऊ वर्षांपूर्वीच्या वादळात वाहून गेली, मनोय. तिथं आता बास्केटबॉलचं मैदान आहे, आणि शेंबडं पोरही मैदानाचीच खूण सांगतं. त्याला गिरणीची खूण देणारा वादळाआधीच गाव सोडून परत न फिरकलेला असणार, आणि असे तिघंच. एक वारला, एक सौदीत आहे. उरलास तू.

पोलिसांना तुझं नाव कुणी दिलं ते शोधून काढ, सुटलो की बघतो त्याच्याकडे, असं तू लिहिलंस. शोधायला कशाला हवं? मी दिलं. जबाबावर सहीही केली. आईलाही मीच सांगितलं. तीन दिवस ती जेवली नाही. चौथ्या दिवशी उठली आणि म्हणाली, "कोर्टात मलाही ने." दोघी येणार आहोत. तुझ्या तोंडावर सांगणार आहोत. सुटलास तर मी दुकानातच असते. ये, बघ माझ्याकडे.

तुझीच, नाइलाजानं सख्खी,
पेर्लिता