मायनं एकच पोरगा सांगितला

माय, तू जाऊन बरीच वर्षं झाली. हल्ली अंबडात रोज नवी अफवा येते, आणि मी हाटेलात बसून हौसेनं लोकांना प्रूफ मागतो. ते हसतात. "आले इंग्रजी शाळावाले," म्हणतात. तव्हा तू आठवतेस.

गावात डोकी मोजायला आल्ते तो दिवस. मी जालन्याच्या शाळेतून सुटीवर आल्तो. लढाई चालू होती, आणि मोजणी झाली की ज्या घरात दोन पोरं त्यातलं एक फौजेत नेणार असं सगळं गाव बोलत होतं. दारावर गेरूनं घातलेला घराचा नंबर तू सकाळीच शेणानं सारवून टाकलास. परगावचा कारकून दारात उभा आहे, तुझे हात शेणाचेच आहेत. "पोरगा एकच, साहेब. हा." मी मागून म्हणतो, "दोन! धाकटा आत बसलाय."

कारकून गेल्यावर म्हणालीस, "खरं बोलायला शिकवलं तुला. कुठं बोलायचं ते न्हाई शिकवलं?"

"अगं, नुसतं मोजून राह्यले ते."

"आपल्या आंब्याच्या झाडाला सरकारी माणसांनी चुन्याचा नंबर घातला तव्हा बी नुसतं मोजूनच राह्यले होते. मंग आंबा तोडून कुठं नेला?"

त्याच दिवशी धाकट्याला हसनाबादला मामाकडं धाडलंस. त्याची परीक्षा तोंडावर होती, ती बुडाली. पुढं तो मामाच्या नांगरामागंच राह्यला. दिवाळीला मी जिंकल्यासारखं विचारलं, "आलं का कुणी न्यायला?"

"कसं येईल? पोरगं घरात होतं का?"

मला वाटायचं, लोक अडाणी म्हणून असलं खरं मानतात. पण तुझ्या बोलण्यात फटच नव्हती. कुणी आलं तरी तू खरी, न्हाई आलं तरी तूच खरी. आणि आंबा तर बिलकुल खराच गेल्ता.

परवा धाकटा नव्या नवरीला घेऊन आल्ता. माझं वर्तमानपत्र हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, खाली ठेवलं. मंग बायकोला म्हणाला, "मायनं वेळेवर हलवलं म्हणून वाचलो. न्हाई तर फौजेतच मेलो असतो. हो ना रे दादा?"

हे पत्र जायचं कुठंच न्हाई, आणि तुला वाचताही येत नव्हतं, म्हणून सांगतो. सगळी प्रुफं तोंडावर होती. पण हे खोटं आहे म्हणलो असतो तर त्याची शाळा फुकटच गेली असती.

मी म्हणलो, "बराबर."