चिठ्ठीत आलेली बाजू

मी नरसिंह गुरुदत्त राव, वय ५४, धंदा विनोदी लेखन, राहणार जयनगर, बेंगळुरू, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. पोटात या घडीला फक्त दोन लोटे कॉफी आहे. पुढील मजकुरामुळे हे नमूद करणे भाग पडले.

१. वरचा मजला, ठेवी व स्कूटर पत्नी अहल्या हिला. स्कूटर तिसऱ्या किकला सुरू होते. शिव्या कन्नडमध्ये द्याव्यात.

२. पुस्तके कन्या संहिता हिला. न वाचता विकल्यास हरकत नाही. वाचून विकल्यास मन दुखेल.

३. मराठी मंडळाचे अध्यक्ष सुमंत यांना एक घंटा. दोन वर्षांपूर्वी गणेशोत्सवात 'थोडा गांजा बाळगण्यास परवानगी असावी का?' हा वादविवाद त्यांनीच ठेवला आणि बाजू चिठ्ठ्या टाकून वाटल्या. मी वेलदोड्यानेही गरगरणारा. मला अनुकूल बाजू आली. थोरले बंधू रघुनंदन, म्हणजे आमचे अण्णा, दर शिवरात्रीला माझ्या घरी ठंडाई करणारे, त्यांना प्रतिकूल.

मी म्हणालो, "एकाच झाडाचं पान, म्हणजे भांग, चालतं आणि फूल, म्हणजे गांजा, तुरुंगात नेतं, हे कसं?" अण्णा कडाडले, "आज चिमूटभर, उद्या पोतंभर! आणि बोलतंय कोण? ज्याला ताक चढतं तो!" सभागृह हसले. मी विचारले, "अण्णा, तुमची ठंडाई?" सभागृह जास्तच हसले. सुमंतांनी वेळेवर घंटा वाजवली असती, तर मी एवढे बोललोच नसतो. अण्णा उठले, ते आजतागायत माझ्या घरी आलेले नाहीत.

स्वतःचेच भाषण मनावर घेऊन त्यांनी ठंडाई सोडली. मी परवानगीच्या बाजूने चार लेख लिहिले. दोघेही सुमंतांच्या चिठ्ठीशी एकनिष्ठ आहोत.

४. वडिलांचा पाटा-वरवंटा कोणालाही नाही. तो माझ्या स्वयंपाकघरातून हलणार नाही. गरज असेल त्याने इथे यावे. त्यावर काय वाटले जाते ते दस्तात नको, असे वकीलबाई हर्षिता म्हणतात. म्हणून बदाम लिहितो.

५. अण्णांना मी काहीही देत नाही. चमचासुद्धा नाही. हर्षिता म्हणाल्या, "ज्यांना काही मिळणार, त्यांना साक्षीदार करू नका, काका." मला साक्षीदार अण्णाच हवेत. आणि साक्षीदाराला माझ्यासमोर, या घरात येऊन सही करावी लागेल. उद्या शिवरात्र आहे, हा निव्वळ योगायोग.

जयनगर, बेंगळुरू
१४ फेब्रुवारी २०२६
(सही) नरसिंह राव

साक्षीदार
१. महांतेश, तळमजल्यावरचे भाडेकरू. "सगळं वाचलं. सरी आहे, म्हणजे बरोबर आहे."
२. रघुनंदन गुरुदत्त राव. "वाचले. माझा विरोध कायम आहे. बदाम आजच भिजत घाल."