डावा गाल

मंगळवार, संध्याकाळ. पांडेसरा.

आज ह्यांचा बारावा शेक झाला. रेडिएशनला इथे सगळे शेकच म्हणतात. डोकं हलू नये म्हणून ह्यांच्याच चेहऱ्याचा साचा घेऊन बनवलेला जाळीचा मुखवटा घट्ट बसवतात. आज तो ढिला पडला. मशीनवाला म्हणाला, "काकी, चेहरा उतरलाय, नवा बनवावा लागेल." जुना मी मागून घरी आणला. कशाला आणला? त्याचा डावा गाल अजून फुगलेलाच आहे.

ह्यांच्या मिलमध्ये सगळ्यांचेच गाल फुगलेले, तंबाखूचा मावा धरून. म्हणून मी रोज ताट वाढताना ओरडायचे, "आधी थुंकून या!" हे म्हणायचे, "तोंडमा काहीच नही वं." मला खोटं वाटायचं. एकदा तर मी पुढचं ताट उचललं. हे उपाशीच कामावर गेले. ती गाठ होती.

आता पेजसुद्धा गिळवत नाही. डॉक्टर म्हणतात, शेकाने दुखणं कमी होईल, एवढंच.

मघाशी मी मुखवट्याच्या त्या गालावरून हात फिरवत होते. हे खाटेवरून बघत होते. त्यांनी तोंड उघडलं, जेमतेम बोटभर, आणि हात हलवून दाखवलं, आत काही नाही.

अजून त्यांना वाटतं, मला पटलेलं नाही.