आओबा स्टेशन बचाव कृती समिती

२ मार्च २००९
वाईट दिवस. पेपर हार्बर बंद पडली. जपानी मांगा, म्हणजे चित्रांच्या कादंबऱ्या, इंग्रजीत काढणारी अमेरिकेतली कंपनी. राजारामपुरीत बाळासोंच्या पुस्तकाच्या दुकानात 'आओबा स्टेशन'चा बारावा भाग कधी येतोय विचारायला गेलो, तर म्हणाले, पावणं, कसला भाग घेऊन बसलाय, कंपनीच बुडाली की.
अकरा भाग काढले आणि शेवटचा काढायचा नाही? मांडव घातला, वऱ्हाड आलं आणि भटजी पळाला, त्यातली गत.
गोष्ट साधी आहे. डोंगरातलं लहान स्टेशन. तिथला मास्तर. रोज सकाळच्या गाडीने जाणारी एक नर्स. त्याला तिला मनातलं सांगायचंय. अकरा भागांत सांगितलं नाही. अत्यंत गुळमुळीत मनुष्य. मला त्याचा मनापासून राग येतो.

३ मार्च
झोप नीट नाही. अनुजाला सांगायचं कसं?
अनुजा कॉलेजातली मैत्रीण. आता गडमुडशिंगीहून रोज येऊन शहरात शाळेवर शिकवते. नवा भाग आला की रंकाळ्यावर बसून आम्ही एकाच पुस्तकात वाचतो. मांगा उजवीकडून वाचायचा, म्हणून ती उजवीकडे बसते. तिचं आधी वाचून होतं. पान मी उलटतो. ती थांबते.
इथे लिहायला हरकत नाही. बारावा भाग वाचून झाला की तिला लग्नाचं विचारायचं. हे दुसऱ्या भागापासून पक्कं आहे. प्रत्येक गोष्टीला मुहूर्त लागतो. तेव्हा बारावा भाग आलाच पाहिजे.

४ मार्च
सांगितलं. ती म्हणाली, जाऊ दे की वीरेश, काही गोष्टी अर्ध्याच राहत्यात.
खचली आहे बिचारी. मी म्हटलं, मी आहे. रस्ता, पाणी, लाईट, कोल्हापुरात कशालाही कृती समिती निघते आणि समिती निघाली की भले भले नमतात. 'आओबा स्टेशन बचाव कृती समिती'. निमंत्रक मी. सचिव अनुजा. ती हसली. हसवणं हेही नेतृत्वच.

८ मार्च, रविवार
पहिली बैठक. लक्ष्मीपुरीत आमच्या धान्याच्या दुकानाच्या माळ्यावर. हजर: मी, अनुजा, सायबर कॅफेवाला यशराज आणि केरबा. केरबा आमचा हमाल. पोतं न्यायला आला होता, चहा दिसला म्हणून बसला.
यशराज म्हणाला, कशाला एवढा कुटाणा, बारावा भाग लोकांनी घरीच इंग्रजी करून नेटवर टाकलाय, या की माझ्याकडं, दाखवतो. मी साफ झापलं. तो चोरीचा माल. बारावा भाग कागदावर, हातात घेऊन, रंकाळ्यावर वाचला जाईल. ठराव एकमताने मंजूर. केरबाने दोन्ही हात वर केले.

१२ मार्च
निवेदन घेऊन कलेक्टर कचेरीत गेलो. मागण्या: कंपनी चालू करावी, न झाल्यास किमान बारावा भाग काढावा. टेबलावरच्या बाई म्हणाल्या, इलेक्शनची आचारसंहिता हाय, मोर्चा न्हाय मिळायचा. आणि अमेरिकेचं टेबल आमच्याकडं न्हाय. पण शिक्का मारून पोच दिली. पोच मिळाली म्हणजे अर्धी लढाई जिंकली.

१९ मार्च
यशराजकडे बसून इंटरनेटवर परदेशातल्या वाचकांचं म्हणणं वाचलं. सगळे आमच्यासारखेच. कुणाच्या कपाटात अकरा भाग आणि पुढे रिकामी जागा. एका बाईने लिहिलंय, दवाखान्यात पडून होते तेव्हा ही पुस्तकं होती म्हणून दिवस गेले, आता शेवट कुणासोबत वाचू? डोळ्यांत पाणी आलं. यशराज बघत होता, म्हणून पंख्याला शिव्या दिल्या.
खाली लिहिलं: घाबरू नका, कोल्हापूर तुमच्या पाठीशी आहे. कुणी उत्तर दिलं नाही. तिकडे रात्र असेल.

२७ मार्च, पाडवा
अव्वाने, म्हणजे आईने, गुढीसमोरच निपाणीकडच्या मुलीचा विषय काढला. मी म्हटलं, बारावा भाग येऊ दे. ती म्हणाली, कसला भाग रे, तुझ्याबरोबरची पोरं बाप झाली, त्यांची पोरं शाळंत जायला लागली.
अनुजाचं अव्वाला अजून सांगितलेलं नाही. अनुजा लिंगायत नाही. एकदम सांगितलं तर दोन दिवस जेवणार नाही. क्रमाने जायचं. आधी बारावा भाग, मग अनुजा, मग अव्वा.
नवीन वर्षाचा संकल्प: दिरंगाई करायची नाही.

११ एप्रिल
अनुजा दुकानात आली. कराडकडचं स्थळ बघून गेलं म्हणे. मुलगा इंजिनिअर. मला विचारलं, तुला काय वाटतं? मी शांतपणे सगळ्या बाजूंनी विचार करून सांगितलं की घाई करू नये, समितीने थेट जपानला, मूळ प्रकाशकाला, ईमेल केलेली आहे, उत्तर येईपर्यंत कुठलाच मोठा निर्णय नको.
ती म्हणाली, आणि उत्तर न्हायच आलं तर?
येणारच, म्हटलं. ती तांदळात बोटं फिरवत उभी राहिली. मग बसची वेळ झाली म्हणाली. बसला अजून अवकाश होता. पण तिला धीर आला असावा.

२६ एप्रिल, रविवार
मतदान उरकलं. बिंदू चौकात धरणं. हजर: मी. यशराजच्या कॅफेत गिऱ्हाईक होतं. अनुजाकडे पाहुणे. केरबा येऊन म्हणाला, मालक, उन्हात का बसलाय, आण्णा हुडकाय लागल्यात. आण्णा म्हणजे माझे वडील. धरणं तात्पुरतं स्थगित.

५ मे
अनुजाची सुपारी फुटली. बाळासोंकडून कळलं.
सुपारी फुटली म्हणजे लग्न झालं असं नव्हे. जपान तसं शिस्तीचं राष्ट्र. उत्तर कोणत्याही दिवशी.
जेवण गेलं नाही.

१० मे, संध्याकाळ
अनुजाने रंकाळ्यावर बोलावलं. पुस्तक नव्हतं, तरी उजवीकडेच बसली.
म्हणाली, वीरेश, मला शेवट ठाऊक हाय. दिवाळीतच वाचला, यशराजच्या कॅफेत. मी म्हटलं, मग एवढे दिवस समितीत कशाला आलीस? म्हणाली, तू बाराव्या भागाची वाट बघायचास, मी तुझी बघत होते. वाटायचं, मधीच कधीतरी विचारशील. स्थळ आलं तवा तर दुकानात येऊन विचारलं. आता घरच्यांनी शब्द दिलाय. मीबी दिलाय.
सगळं कळलं. काय बोलायला हवं होतं तेही कळलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. आणि मी विचारलं, शेवटी मास्तर बोलतो का तिच्याशी?
तिने उठून ओढणी झटकली. म्हणाली, व्हय, बोलतो. आणि बसस्टॉपकडे गेली.

११ मे
दुकानात गेलो नाही. पांघरूण घेऊन पडलो होतो. खूप रडलो. अव्वाने पांघरूण ओढून विचारलं, काय झालं? म्हटलं, अव्वा, कंपनी बंद पडली.
ती म्हणाली, ती तर शिमग्याच्या आधीच पडली की रे. मग आज कशाला रडतोस?
मी म्हटलं, मला आजच कळलं.