अवयव न सापडलेली संख्या

लालबाग, मुंबई
ऑक्टोबर १९९६

प्रिय मालन,

तुझं पत्र मिळालं. सासूबाईंच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना, तेव्हा तू हात जोडून "दादाला शोधून आणते" म्हणालीस आणि तो शिवला. आता त्या शब्दापायी सुरतेला निघालीस. वरळीच्या रामूने तिथे एका टपरीवर दाढी वाढवलेला दादा पाहिला म्हणे. गेल्या खेपेला भिवंडीत पाहिलेला दादा तेलुगू निघाला होता. तू त्याच्या गळ्यात पडून रडलीस आणि तो बिचारा तुझ्यासाठी पाणी आणायला धावला.

तू लिहितेस, "वहिनी, तू एवढी शिकलेली, आणि तुलाच माझ्या भावाला शोधावंसं वाटत नाही?" मी गणित शिकले. त्यातलंच एक सांगते, शांतपणे वाच.

दोनाचा वर्ग कर, आलेल्याचा पुन्हा वर्ग, असं चौदा वेळा. शेवटी एक मिळव. जवळजवळ पाच हजार आकडी संख्या होते. ती मूळ आहे की लहान संख्यांच्या गुणाकारातून झालेली, हे भागून भागून बघायला जन्म पुरायचा नाही. पण तिच्यासाठी एक कसोटी आहे. तिनाचा वर्ग, त्याचा वर्ग, करत जायचं आणि दर वेळी त्या मोठ्या संख्येने भागून बाकी तेवढी ठेवायची. संख्या मूळ असेल तर ठरलेल्या पायरीला ठरलेली बाकी यायलाच हवी. परदेशी गणितींनी संगणकावर करून पाहिलं, आली नाही. म्हणजे संख्या संयुक्त. हे कळून पस्तीस वर्षं झाली, पण तिचा एकही अवयव अजून कुणाला सापडलेला नाही. तरी ती मूळ निघेल, अशी आशा कुणी गणिती धरत नाही.

यांच्यासाठी, तुझ्या दादासाठी, कसोटी म्हणजे आई. गिरणी संपाच्या वर्षी एसटीचं भाडं नव्हतं, तर कांद्याच्या ट्रकवर बसून गणपतीला गावी आईकडे आले. येताच मोदकांना हात घातला. सासूबाई म्हणाल्या, "गिरण बंद पडली, तुझा तोंड काय बंद पडूक नाय." पुढच्या उन्हाळ्यात भिवंडीला माग चालवायला म्हणून गेले ते गेलेच. रुसले असतील, लाज वाटत असेल, असं मीही म्हणत राहिले. तेरा वर्षं मी दाराला आतून कडी लावलेली नाही. शेजारचे बुधाजी करवादतात, "बाई, चोर शिरेल हां एखादा." मी म्हणते, शिरू दे, काय नेणार आहे.

यंदा आई गेल्याची बातमी मी पेपरांत दिली, सुरतेच्या ओळखीच्यांनाही कळवली. आईच्या दिवसांना हे आले नाहीत. जिवंत असते तर आले असते. कुठे गेले, इस्पितळात की रस्त्यावर, शेवटी कुणी पाणी दिलं का, ते कळणार नाही. पण गेले. मला दुसरा पुरावा नको.

बारा वर्षं पत्ता नसलेल्या माणसाचा दर्भाचा पुतळा करून दहन करतात, तुला ठाऊक आहे. सासूबाई असेपर्यंत तो विषय मी घरात येऊ दिला नाही. आता करायचं ठरवलंय, गावीच, सासूबाईंना अग्नी दिला त्या जागेशेजारी. अग्नी मी देईन. भटजी कां-कूं करतील, त्यांच्याशी मी बोलेन. तू आईला दादा आणून देते म्हणालीस, तो असा येईल. याहून जास्त आपल्या हातात नाही. सुरतेला जाताना मुंबईवरूनच जाणार ना? मग पुढे जाऊ नकोस, इथेच उतर. जन्मात कधी कुणाला सोबतीला बोलावलं नाही, कॉलेजातही एकटी जात होते. पण या कामासाठी गावापर्यंत एकटीने जाणं मला जमायचं नाही. मला न्यायला ये.

त्या दहनानंतरही तुझीच,
बकुळावहिनी